पाय वर होईपर्यंत

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण देत नाही. तीन कारणं लिहून पाहिली आणि तिन्ही मलाच पटली नाहीत. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाबांचे हात सोडून.

सुतारकाका गेल्याला पाच आठवडे झाले. बाबांची गुरुवारची बैठक तेव्हा मोडली ती पुन्हा बसलेली नाही. पोस्टमनकाका दोन गुरुवार बँजो घेऊन आले, चहा प्यायले आणि पेटी न उघडता परत गेले. बाबा मेंडोलिन मांडीवर घेतात, फडक्याने पुसतात, सूर लावतात, त्यांच्या त्या बिननावाच्या धुनेची पहिली ओळ वाजवतात आणि थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, खाली कोणी नाही.

आपण दोघांनी हे अमेरिकन खेड्यांतलं ब्लूग्रास संगीत लहानपणभर भिंतीपलीकडून ऐकलं, पण त्याची बांधणी मला चाळिशी उलटल्यावर कळतेय. त्यात ढोल नाही, तबला नाही. गिटारवाला हाच ढोल. जाड तारेवर एक ठोका, मग बारीक तारांवरून एक फटकारा, धम्-छक, धम्-छक, आणि त्याच्या जिवावर मेंडोलिन आणि बँजो बागडणार. सुतारकाका तीस वर्षं तेवढंच करत होते आणि आपल्याला वाटायचं, बिचाऱ्यांना याच्यापुढे काही येत नाही.

डॉक्टर म्हणाले, कंपवात हळूहळू वाढणार. बोटांनी तार दाबणं आणखी वर्षभर जमेल, कदाचित तेवढंही नाही. मी नक्की महिने विचारले. ते म्हणाले, हे तुमच्या काट्यावर मावणारं काम नाही.

म्हणून मी ठरवलंय. सुतारकाकूंकडून काकांची गिटार मागून आणली आहे. बाबांबरोबर त्यांची धून एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांचे हात आहेत तोवर. त्याहून जास्त काही नको. सोळाव्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, सुतारकाकांकडे शिकायला बसतोस का, आणि मी परीक्षेचं कारण सांगितलं होतं. कसली परीक्षा ते आठवेना, म्हणून जुनी रोजनिशी काढली. त्या तारखेला तीनच शब्द आहेत: 'बाबांना नाही म्हणालो.'

सध्या घोडं अडलंय ते तारा छेडायच्या नखीवर. वाद्यांच्या दुकानदाराने विचारलं, मऊ, मध्यम की कडक. मी वजनमापं तपासणारा माणूस. 'मध्यम' हे माप म्हणून कुणी तोंडावर सांगितलं की माझा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जातो.

तुझा लोभ आहेच, या खेपेला त्यात थोडी सहनशक्ती मिसळावी.

तुझा,
धाकटा

---

२६ जानेवारी

चि. तराजूरावांस,
अ. आ.

तुझं पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते इतकंच म्हणाले, त्याच्या बायकोला माझी सहानुभूती कळव. शाळेच्या कवायतीत सगळी रांग डावा पाय टाकायची आणि एकटा तू उजवा, हे मी त्यांना कधीचं सांगून ठेवलंय. ड्रिलमास्तर तुला रांगेच्या शेवटी उभा करायचे, म्हणजे चूक कुणाला लागू नये. तो तू आता ढोल होणार.

चेष्टा पुरे. बाबांनी मला कधी विचारलंच नव्हतं, शिकतेस का म्हणून. मी भिंतीच्या या बाजूलाच राहिले. तेव्हा तू 'नाही म्हणालो' म्हणून झुरू नकोस. नाही म्हणायची पाळी तरी तुझ्यावर आली.

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण नखी हा प्रकार माझ्या टप्प्यातला दिसतो. दिवसभर मी दुसरं काय करते? प्लास्टरचा ठसा, त्यावर मेण, मेणाच्या जागी हिरड्यांचा गुलाबी मसाला, मग घासणं आणि चकाकी. माणसाला कवळी टोचते ती केसभर जाडीमुळे. पण टोचते कुठे, ते त्याने सांगावं लागतं. नुसतं 'बरोबर नाही' म्हणणाऱ्यांचं मी काही करू शकत नाही. तेव्हा काय टोचतंय ते नीट लिही.

बाबांना म्हणावं, औषध जेवणाआधी, नंतर नव्हे. ते तुला फसवतात.

आशीर्वाद आहेत, तालही लाभो.

तुझी,
ताई

---

२० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं आणि 'कवायत' या शब्दावर दोनदा थांबली. घरात आता मला उजवा पाय म्हणतात.

काय टोचतंय ते लिहितो. पातळ नखीने फटकारा सुटसुटीत येतो, पण जाड तारेवर ठोका देताना नखीच वाकते, ठोका उशिरा पोचतो आणि वहीची पानं चाळल्यासारखी फडफड ऐकू येते. जाड नखीचा ठोका घुमतो, बाबांची मान लगेच वर होते, पण फटकाऱ्यात ती तारांत अडते आणि हातातून सुटते. एकदा थेट त्यांच्या चहात पडली. मोठी तिकोनी नखी धरायला सोपी आहे, पण तिची टोकं अणकुचीदार आहेत, आवाज तासल्यासारखा येतो. सुतारकाकूंनी काकांची स्वतःची नखी दिली. कासवाच्या पाठीचा रंग, आणि एक टोक झिजून गोल झालेलं, तेही एकाच अंगाने, त्यांचं मनगट ज्या कोनात पडायचं त्या कोनात. माझ्या हातात ती दुसऱ्याच्या चपलेसारखी लागते. परत पेटीत ठेवली.

बाबा म्हणतात, दोष नखीचा कमी आणि धरण्याचा जास्त. किल्ली धरतो तशी धर, पण कुलूप उघडायची घाई नसल्यासारखी. परवा म्हणाले, तू तारांवर धाड घालतोस, त्या तारा आहेत, दुकानदार नव्हेत.

गुरुवारी पोस्टमनकाका आले आणि पेटी उघडली. आम्ही तिघं बसलो, पोस्टमनकाकांची एक सोपी धून घेतली. बाबा त्यात फक्त छक छक करत होते, पण करत होते. मी माझ्या बोटांकडे बघत धम्-छक चालवलं आणि काही वेळाने लक्षात आलं की खोलीत मी एकटाच वाजवतोय. दोघंही कधीचे थांबले होते. पोस्टमनकाकांनी एक पाय जमिनीपासून वीतभर वर धरला होता. मी गिटार बाजूला ठेवून आस्थेने विचारलं, गुडघा दुखतोय का, तेल चोळू का. बाबा इतके हसले की मेंडोलिन त्यांच्या हातून मला घ्यावी लागली.

खूण अशी आहे: ज्याने धून धरली त्याने पाय उचलला की समजायचं, हा फेरा शेवटचा. सगळे बरोबर थांबतात. पोस्टमनकाका म्हणाले, दोन्ही हात कामात असतात, तोंड कधी गाण्यात असतं, मग उरतं काय, तर पाय. मला हे तीस वर्षं माहीत नव्हतं. आपण भिंतीपलीकडे होतो, पाय दिसत नव्हते.

बाबांची धून अजून घेतलेली नाही. ते म्हणतात, तुझा ठोका पोचू दे.

लोभ ठेव, हसून झाल्यावर.

तुझा,
धाकटा

---

९ मार्च

चि. तराजूरावांस,
अ. आ.

सोबतच्या पुडीत कापसात गुंडाळलेली वस्तू आहे ती हिरडी नव्हे, नखी आहे. तुझ्या वर्णनावरून केली. जाडी दीड मिलिमीटरला किंचित कमी, म्हणजे वाकणार नाही. आकार मोठा तिकोनी, म्हणजे सुटणार नाही. टोकं गोल केली आणि कडा दोन्ही अंगांनी उतरती घासली, म्हणजे तार अडणार नाही. मधोमध थोडी खरबरीत ठेवली आहे, अंगठ्याला धरायला. रंगाला माझा इलाज नाही, मसाला गुलाबीच येतो. लॅबमधल्या मुलींना वाटलं, एवढ्याशा तोंडाचा रोगी कोण.

एक विचारू? रागावू नकोस. दोन महिन्यांत तू नख्यांबद्दल बारा पानं लिहिलीस आणि बाबांच्या हातांबद्दल चार ओळी. माझंही तसंच आहे. सहा नमुने केले, पाच फेकले, आणि त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं. बाबांचं काही करता येत नाही, म्हणून मी नखी घासते, असं वाटलं. तुझंही तेच आहे का?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आशीर्वाद, आणि ती चावू नकोस.

तुझी,
ताई

---

४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. ते लिहायला मला तीन आठवडे लागले.

नखी उत्तम. ठोका पोचला. बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, कुणाच्या तोंडातून काढून आणलीस. मग म्हणाले, चल, आपली घेऊ.

आपली म्हणजे त्यांची. रविवारची सकाळ होती. पहिला फेरा ताई, काय सांगू, मला वाटलं मीच ती धून वाजवतोय. दुसऱ्या फेऱ्यात त्यांची बोटं मागे पडायला लागली. मी ताल धरून ठेवला, कारण गिटारवाल्याचं कामच ते. ते आणखी मागे पडले आणि सुटले. पुन्हा सुरू केलं. या वेळी मी त्यांच्यासाठी हळू झालो. मी हळू झालो तसे ते आणखी हळू झाले, म्हणून मी आणखी, आणि नळाचं पाणी जातं तसे आम्ही दोघं थेंब थेंब होत बंद पडलो. धरून ठेवलं तर ते पडतात, सोबत गेलो तर दोघं बुडतो. मी काय करायला हवं होतं हे मला अजून कळलेलं नाही, आणि तो दिवस रोजनिशीत मी पाचदा लिहिलाय.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, माझ्यासाठी थांबू नकोस. मी पडलो तर पडलो, तू चालत राहा, पुढचा फेरा आला की मी चढेन. गिटार कुणासाठी थांबत नाही. पाय वर झाला की थांबते, नाही झाला तर नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं. बुधवारी ते न्हाणीघरात पडले.

हे तुला फोनवर सांगितलंच आहे, पण फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितो. डावं मनगट मोडलंय, म्हणजे तारा दाबायचा हात. प्लास्टर निघाल्यावर बोटं परत येतील का, असं मी विचारलं तर डॉक्टरांनी या खेपेला विनोद केला नाही. त्यांचंही म्हणणं पडलं की मोठ्या इस्पितळाजवळ, तुझ्याकडे ठेवावं. शनिवारी घेऊन येतो. मेंडोलिनही आणतो. ती का, ते मला विचारू नकोस.

तुझ्या लोभावर आता बाबांचाही भार टाकतोय.

तुझा,
धाकटा

---

२९ एप्रिल

चि. तराजूरावांस,
अ. आ.

बाबा पुढच्या खोलीत आहेत, खिडकीशी. प्लास्टर निघालं. बोटं सुजलेली नाहीत, पण ती त्यांची राहिलेली नाहीत. पडल्याचा धसका म्हण किंवा दुखणंच पुढे सरकलं म्हण, बोलणंही विरत चाललंय. तोंडाशी कान नेला तरी अर्धं कळतं, आणि कळलं नाही की ते माझी समजूत घालतात, मान हलवून, असू दे म्हणून. चाकांची खुर्ची आणली आहे. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, भल्या आहेत.

मेंडोलिन कपाटावर ठेवली होती. काल ते सारखं तिकडे बघत होते म्हणून मांडीवर दिली. उजव्या हाताने पुसली आणि परत माझ्याकडे केली.

तू तुझ्या गिटारची कॅसेट करून पाठव. इथे कोणी नाही म्हणतात ते, खाली. बहुतेक तसंच म्हणाले.

आशीर्वाद लिहायला विसरले होते, वर घातले आहेत.

तुझी,
ताई

---

६ मे

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

कॅसेट पाठवतोय. बाबांचीच धून, म्हणजे तिच्याखालचं धम्-छक. वरची धून त्यांच्या डोक्यात आहेच. एक बाजू पूर्ण, तीस मिनिटं, एकदाही न थांबता. त्यांनीच सांगितलं होतं, थांबू नकोस. कार्यालयातून आल्यावर चार दिवस रोज दोन-दोनदा प्रयत्न केला. एक चूक झाली की पुसून पहिल्यापासून. या नवव्या खेपेत चूक नाही. मी घड्याळ लावून तपासलंय, पहिल्या मिनिटाला आणि तिसाव्या मिनिटाला लय तीच आहे.

आयुष्यात एवढं निर्दोष काम माझ्या हातून झालेलं नाही. कसं वाटलं त्यांना, ते कळव.

लोभ नेहमीचाच, फक्त उत्तर लवकर हवं.

तुझा,
धाकटा

---

१९ मे

चि. तराजूरावांस,
अ. आ.

कॅसेट रोज संध्याकाळी लावते. पहिल्या दिवशी तुझा ठोका ऐकला आणि त्यांचे डोळे असे झाले की भावोजी उठून आत गेले. पांघरुणावर उजव्या हाताची बोटं नखी धरल्यासारखी जुळतात. मला वाटलं, जिंकलास.

पण एक नवीन सुरू झालंय. दोनेक मिनिटं झाली की त्यांचा उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवरून वर उठतो आणि तसाच अधांतरी थरथरत राहतो. मी हळूच खाली ठेवते. पुन्हा उठतो. पेटका असेल म्हणून पोटरी चोळली, गरम पाण्याची पिशवी दिली. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असे झटके येतात. त्यांनी गोळी वाढवली, त्याने दिवसभर ग्लानी असते. व्यायामाच्या बाईंनी पाय फळीला धरून राहावा म्हणून मऊ पट्टा बांधून दिलाय. तरी ते ओढत राहतात. डोळ्यांतून पाणी येतं. तुझं ऐकून येत असेल.

तुझ्या कॅसेटने तेवढा अर्धा तास बरा जातो, नाहीतर दिवस सरत नाही.

आशीर्वाद, आणि अशीच आणखी एक पाठव.

तुझी,
ताई

---

२६ मे

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पायाचं वाचून ग्रंथालयात गेलो आणि वैद्यकाचं पुस्तक काढलं. त्यात पायाच्या झटक्यांची तीन कारणं आहेत, ती वेगळ्या कागदावर उतरवून जोडली आहेत, डॉक्टरांना दाखव. पट्टा फार आवळू देऊ नकोस.

एक शंका सारखी येते. आवाज टोचत नसेल ना? गुलाबी नखीची टोकं माझ्या हातात अजून नवी आहेत, कदाचित फटकारा तिखट लागत असेल. म्हणून दुसरी कॅसेट पाठवतोय, तीच नखी तिच्या सगळ्यात गोल टोकाने धरून, गिटारच्या भोकाकडे सरकून, मऊ. ही बाजू पंचेचाळीस मिनिटांची आहे. दर आठवड्याला एक पाठवीन. येता येत नाही तोवर एवढं तरी.

लोभात खंड नको, माझ्या बाजूने पडणार नाही.

तुझा,
धाकटा

---

८ जून

चि. तराजूरावांस,
अ. आ.

दुसरी कॅसेट लावली. मऊ आहे, मला आवडली. बाबा पहिली दोन मिनिटं ऐकतात, मग पट्ट्यात पाय ओढायला लागतात, मग खांदे हलवतात, आणि शेवटी मान भिंतीकडे वळवून डोळे मिटून घेतात. पंचेचाळीस मिनिटं तशीच. काल मी विचारलं, दुखतंय का. माझ्याकडे नुसते बघत राहिले. कवळी टोचणाऱ्यांची मला सवय आहे, पण हे कुठे टोचतंय ते सांगूच शकत नाहीत.

भावोजींनी एक गोष्ट हेरली. पाय एरवी उठत नाही, सकाळी नाही, जेवताना नाही, कॅसेट लागली की उठतो. आणि तो उठला की बाबा पायाकडे बघत नाहीत, टेपरेकॉर्डरकडे बघतात. परवा पट्टा बांधायचा राहिला होता. मध्येच फोन वाजला म्हणून मी कॅसेट बंद केली, तर पाय आपोआप खाली आला, कोणी हात न लावता. डॉक्टरांना हे सांगायचं का? 

आशीर्वाद. तू काहीतरी सुचव.

तुझी,
ताई

---

१२ जून

ती. सौ. ताईस,

पट्टा काढ, एवढंच मी सकाळी फोनवर सांगितलं. कारण विचारलंस, सांगता आलं नाही. इथे लिहितो.

त्यांचा पाय दुखत नव्हता. ते मला थांब म्हणत होते. धून त्यांची, त्यांनी मनात धरलेली, मनात वाजवलेली, तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी शेवटचा फेरा म्हणून खूण केली आणि मी थांबलो नाही. एक फेरा बेचाळीस सेकंदांचा आहे. तीस मिनिटांत त्रेचाळीस बसतात. म्हणजे त्यांनी पाय वर केल्यावर मी आणखी चाळीस फेरे वाजवले. दुसऱ्या कॅसेटवर एकसष्ट. रोज, महिनाभर. आणि आपण तो पाय आधी चोळला, मग त्याला औषध दिलं, मग बांधला.

फेब्रुवारीत मी स्वतः हीच चूक केली होती. तुला हसत लिहिली होती, तेल चोळू का, वगैरे. आणि मे महिन्यात तू तीच मला लिहिलीस तेव्हा मी ग्रंथालयात गेलो. तुझा दोष नाही. तू पाय पाहत होतीस आणि खूण तुला पत्रातल्या एका विनोदापुरती माहीत होती. मी ती समोर बसून शिकलो होतो आणि मी नखीचा विचार करत होतो. मी एकही चूक केली नाही याचा मला केवढा अभिमान होता.

शनिवारी येतो, गिटार घेऊन.

तुझा,
धाकटा

---

२४ जून

ती. पोस्टमनकाकांस,
सा. न. वि. वि.

मी निघताना तुम्ही सांगितलं होतंत की गेल्या गेल्या कळव. आठ दिवस उशिरा कळवतोय. मी कालच परत आलो.

बाबांच्या समोर खुर्ची मांडली. ताईने पट्टा आधीच काढून कचऱ्यात टाकला होता. डॉक्टरांनी गोळीही पहिल्याइतकी केली. बाबांनी गुलाबी नखी पाहिली आणि तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांना कुणाच्या तोंडातून काढली ते विचारायचं होतं, असं मी धरून चाललो. मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो, चार वाक्यं पाठ केली होती. ती बोललो नाही. सुरू केलं.

तुम्ही नेहमी ओरडता, बोटांकडे बघू नकोस. या वेळी मी त्यांच्या उजव्या पायाखेरीज कशाकडे पाहिलं नाही. तिसरा फेरा झाला, पाय जमिनीवर. मला वाटलं, आता त्यांचा विश्वासच उडालाय, उचलून काय उपयोग म्हणत असतील. पाचवा झाला, आठवा झाला. मनगट भरून आलं. ताई दारात उभी होती, तिने मला खुणेने विचारलं, आणि मी मान हलवली, कारण मला माहीत नव्हतं. मग अकराव्याला माझ्या लक्षात आलं की त्यांची टाच ठोक्याबरोबर दाबली जातेय, अगदी बारीक. ते वाजवत होते. बाराव्या फेऱ्याच्या सुरुवातीला पाय दोन बोटं वर झाला.

मी फेरा पुरा केला आणि थांबलो. बरोबर थांबलो, काका. शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. त्यांनी पाय खाली ठेवला. धून पुरी झाली. त्यांचे हात असते तर कशी झाली असती, हे मात्र मला कधीच कळणार नाही.

रजा संपली म्हणून परत यावं लागलं. गुरुवारी तुमच्याकडे येतो.

आपला लोभ माझ्या ठोक्याला पुरावा.

आपला,
मेंडोलिनवाल्याचा मुलगा

---

२१ जुलै

चि. तराजूरावांस,
अ. आ.

तू गेल्यापासून रोज संध्याकाळी मी टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसते, नजर पायावर. पाय उठला की फेरा पुरा होऊ देते, मग बटण. बहुतेक तिसऱ्याला, कधी पाचव्याला. मला आता फेरा कुठे संपतो ते कळतं. भावोजी म्हणतात, या घराण्यात शेवटी कलावंत मीच निघाले, एका बटणाचं वाद्य. बाबाही मला खूण झाल्यावर डोळ्यांनी शाबास म्हणायचे. भिंतीच्या त्या बाजूला पहिल्यांदाच गेले मी.

काल पाय उठला नाही.

तिसरा फेरा गेला, दहावा गेला. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, सकाळी दोन घास खाल्ले होते. मी खाली वाकून पाहिलं. अंगठा हलल्यासारखा वाटला, पण माझाच श्वास लागून हललं असेल पांघरूण. बाजू संपली आणि बटण आपोआप वर आलं. मी विचारलं, पुन्हा लावू का. पापण्या मिटल्या आणि उघडल्या. ते हो होतं की नुसतं मिटणं? टाच दाबली जाते का, ते तळहात लावून पाहिलं. कळलं नाही.

आज पुन्हा तसंच. डॉक्टर म्हणाले, पायाची ताकदही जाणारच होती. ताकद जाणार हे मलाही माहीत होतं. त्यांना थांबायचं नाहीये, की थांब म्हणता येत नाहीये, हे मला कुणी सांगावं? मी बटण दाबलं तर वाजवणाऱ्याला मध्येच थांबवेन, नाही दाबलं तर पुन्हा तोच पट्टा बांधल्यासारखं होईल. तू गिटारवाला आहेस. तू असतास तर काय केलं असतंस, ते लिही.

आशीर्वाद देणाऱ्यानेच विचारावं, अशी वेळ आली आहे.

तुझी,
ताई

---

२६ जुलै

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मला माहीत नाही. दोन दिवस विचार केला, रोजनिशीची सहा पानं भरली, आणि शेवटी तेवढंच उरलं.

रजेचा अर्ज दिला, साहेबांनी विचारलं किती दिवस, मी सांगितलं की मोजता येत नाही. आजवर इतरांकडून हे उत्तर मी कधी ऐकून घेतलेलं नाही. परवा सकाळी पोचतो. पोस्टमनकाकाही येतायत, बँजो घेऊन. त्यांच्या बसण्याची सोय खिडकीशी कर, बाबांना त्यांचे पाय दिसतील असे.

गुलाबी नखीचं एक टोक झिजून गोल झालंय, एकाच अंगाने. सुतारकाकांच्या नखीशेजारी ठेवून पाहिली. कोन वेगळा आहे. नवी घासू नकोस, हीच आता बसलीय.

तोवर काय करायचं ते फोनवर सांगतोच, इथेही लिहितो. बाजू संपली की कॅसेट उलट आणि पुन्हा लाव. ती संपली की पुन्हा. चूक असेल तर ती माझ्या नावावर राहू दे, मी आल्यावर त्यांच्यासमोर कबूल करीन. पाय वर झाला नाही तर गिटार थांबत नाही, त्यांनी मला एवढंच शिकवलंय, दुसरं काही शिकायला मी वेळेवर गेलो नाही.

तू बटणावरचं बोट काढून घे आणि त्यांच्याजवळ बस. येईपर्यंत मी वाजवतोय.

तुझा,
धाकटा